गवताचं राज्य

1859 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात विहीर खणून तेल काढलं गेलं आणि तिथे बघता बघता गावं उभी राहिली. पैसा आधी पोचला, कायदा मागाहून. मुंबईच्या उत्तरेकडच्या डहाणू-तलासरीत तेल नव्हतं, गवत होतं. पण त्या काळची मुंबई चालायची ती गवतावरच. बग्ग्या, खटारे, 1874 पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या आणि म्हशींचे तबेले, सगळ्यांना चारा लागे. 1864 साली गुजरातकडची रेल्वे मुंबईला येऊन भिडली, आणि डोंगरउतारावरचं गवत शहराच्या दारात आलं. मागोमाग जंगलातलं लाकूड निघालं.

गवत कापायचे इथले वारली आदिवासी. पण ते ज्या जमिनीवर उगवे ती कर्जापायी, कागदावरच्या अंगठ्यापायी, सावकार-जमीनदारांकडे गेलेली. पावसाळ्यात खावटीला घेतलेला दाणा सुगीला दीडपटीनं फेडायचा. तो फिटायचा नाही, मग पुढच्या साली पुन्हा खावटी. वेठ वेगळीच. मालकाचा निरोप आला की स्वतःचं शेत टाकून जायचं, पोटाला मिळेल ते खायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत क्रूर वाटते ती लग्नगडीची पद्धत. लग्नासाठी तरुणानं मालकाकडून थोडे रुपये उचलायचे आणि त्या बदल्यात नवराबायको दोघांनी त्याच्या घरी राबायचं, कित्येकदा जन्मभर. माणसाच्या आयुष्यातल्या आनंदाच्या दिवसालाच गहाणखत चिकटवलेलं. बायकांची अब्रूही मालकाच्या मर्जीवर. तक्रार करायची कुणाकडे? पाटील, पोलीस, जंगलखात्याचा माणूस, सगळ्यांची ऊठबस मालकाच्याच ओसरीवर. गुलामीला मनाई करणारा कायदा इंग्रजांनी केव्हाच केला होता. सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या या हालांवर लिहिलेला अहवाल 1939 साली छापूनही आला. रानात काही बदललं नाही.

बदललं ते 1945 मध्ये. जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान परिषदेला इथले काही वारली गेले, आणि 23 मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारोंची सभा भरली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. ठराव साधे होते: मालकाच्या खाजगी शेतावर रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय राबायचं नाही, वेठ करायची नाही, अंगावर आला तर तोंड द्यायचं, एकी सोडायची नाही. पाठोपाठ गावोगावचे लग्नगडी मालकांची घरं सोडून बाहेर पडले.

ऑक्टोबरात गवत कापणीला आलं तेव्हा वारल्यांनी दर सांगितला: 500 पौंडांना अडीच रुपये. तो मिळेपर्यंत कापणी बंद, संप. सगळी ताकद त्या हंगामात होती, कारण उभं गवत वाट पाहत नाही. वेळेवर कापलं नाही तर त्याचा कस जातो. मालकांनी हे ओळखलं. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन तलवाड्याला या, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांत फिरवला गेला, आणि तिकडे पोलिसांना कळवलं की वारली दंग्यासाठी जमताहेत. 10 ऑक्टोबरच्या रात्री त्या जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. गोदावरीबाई तिथे नव्हत्याच.

गोळीबारानंतरही संप मोडला नाही. पुढच्या वर्षी जंगलकामाच्या रोजासाठी आणखी मोठा संप झाला. गोदावरीबाईंनी हे सारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तलासरीत आजही 10 ऑक्टोबरला लाल बावटे घेऊन माणसं जमतात आणि त्या पाच जणांना मानवंदना देतात.