चिल्लरीतील नाणी आणि लाखांची आवई

वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले पाच वा दहा रुपयांचे नाणे ज्याच्या गल्ल्यात सापडेल त्याचे दैव उजळले, त्या एका नाण्याचे लाखो रुपये येतात, ही आवई ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून कल्याण-डोंबिवलीच्या भाजीबाजारांपर्यंत इतक्या खात्रीने सांगितली जाते की, एरवी सुज्ञ असलेली माणसेही घरातले डबे पालथे घालून चिल्लर निवडू लागतात. वस्तुस्थिती अशी की, श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली निघालेली ही नाणी चलनात खेळावीत म्हणूनच मुबलक पाडली गेली. वापरात झिजलेल्या अशा नाण्याची किंमत दर्शनी मूल्याइतकीच असते. कोऱ्या नाण्याला संग्राहक थोडे अधिक देईल, इतकेच.

या आवईच्या आडोशाने वाढलेला दुसरा समज मला अधिक घातक वाटतो, तो हा की, जुनी नाणी रिझर्व्ह बँक चढ्या दराने विकत घेते. फोनवरचा अनोळखी इसम प्रथम नाण्याचे छायाचित्र मागवतो, भरमसाट मोबदला कबूल करतो, आणि मग नोंदणी, कर, दलाली अशा एकेका सबबीखाली त्या नाणेवाल्याकडूनच पैसे उकळू लागतो. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून बजावले आहे की, असल्या व्यवहारांशी बँकेचा काडीमात्र संबंध नाही, त्यासाठी ती कोणाकडून शुल्क वा दलाली मागत नाही, आणि तिच्या वतीने तसे करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही.

नाणे जितके जुने तितके मोलाचे, हेही खरे नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती अमलात आली तेव्हाचे ‘नये पैसे’ कितीतरी घरांत अद्याप पडून आहेत, आणि जे घरोघरी आहे त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरे आणि मागे रामदरबार असलेली तांब्याची चकती तर कंपनीचे नाणेच नव्हे. तसले चलन कंपनीने कधी पाडलेच नाही. नाण्याचे मोल ठरते ते त्याच्या संख्येवर, त्याच्या स्थितीवर आणि मागणीवर. वय हे त्यानंतर येते.

मग रोजच्या मोडीत पाहण्याजोगे काहीच नसते काय? पुष्कळ असते. नाण्यावरील वर्षाच्या खाली बारकाईने पाहिल्यास मुंबईच्या टांकसाळीचा चौकटीचा हिरा, हैदराबादचा तारा किंवा नोएडाचा ठिपका आढळतो; काहीच नसेल तर ते नाणे कोलकात्याचे, आणि म्हणूनच ‘चिन्ह नाही म्हणजे चूक झालेले दुर्मिळ नाणे’ हा तर्क फोल ठरतो. देशातील टांकसाळींना मागणी पुरवता येईना तेव्हा सरकारने परदेशातही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या काही एक रुपयाच्या नाण्यांवर आढळणारे इंग्रजी ‘एच’ हे अक्षर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे आहे.

ठाणेकराने मात्र सर्वांत आधी शोधावे ते २००३ सालचे दोन रुपयांचे नाणे. त्याच्या एका बाजूस गार्डाच्या वेशातील, हाती कंदील धरलेला ‘भोलू’ हत्ती आहे, आणि ते भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांचे स्मारक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी जेथे येऊन थांबली ते गाव ठाणे होते, आणि पुढल्याच वर्षी, १८५४ साली, तो लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज डोंबिवलीची जी वस्ती पहाटेपासून फलाटावर उभी असते तिचे सारे जीवितच त्या मार्गाने घडवले. हे नाणे विकून कोणी श्रीमंत होणार नाही. पण आपल्या गावाच्या इतिहासाचा एवढा अस्सल दस्तऐवज भाजीवाल्याने परत दिलेल्या सुट्या पैशांत हाती यावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्याच्या जोडीला १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे आणि त्याच वर्षीचे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणेही नजरेत ठेवावे.

दहा रुपयांच्या नाण्यावर रुपयाचे चिन्ह नसेल, किंवा रेघा दहाऐवजी पंधरा असतील, तर ते खोटे, असे म्हणून काही दुकानदार ते नाकारतात. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला की, तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. चिन्ह २०११ पासून आले, त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कसे? पन्नास पैसेही कायद्याने चालूच आहेत. ३० जून २०११ पासून बंद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे.

शेवटचा गैरसमज घरातलाच आहे. सापडलेले नाणे चिंच-मिठाने घासून लख्ख केले की त्याचा भाव वाढतो, असे समजून पुष्कळजण चांगल्या नाण्याची माती करतात. आम्लाने धातूचा वरचा थर जातो, घासण्याने बारीक ओरखडे उठतात, आणि जाणकार संग्राहक ते पाहताक्षणी नाणे बाजूला सारतो. नाणे कडेने धरावे, मऊ प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कागदी पाकिटात ठेवावे, आणि आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ते पाकीट भिंतीच्या ओलीपासून दूर, कोरड्या डब्यात असू द्यावे.