श्रद्धेविषयी लिहायचं ते कोणासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेली काही वर्षं मी आमच्या मंडळीच्या मासिकासाठी दरमहा एक पानभर चिंतन लिहिते. पवित्र शास्त्रातला एखादा उतारा घ्यायचा आणि तो आपल्या रोजच्या जगण्याशी ताडून पाहायचा, एवढंच त्याचं स्वरूप. पुष्कळ जण विचारतात, "रविवारी चर्चमध्ये प्रवचन असतंच, मग हे आणखी कशाला? आणि श्रद्धा ही मनात जपायची गोष्ट. ती कागदावर कशासाठी मांडायची?" प्रश्न रास्त आहे आणि तो जुनाही आहे.

लूकचं शुभवर्तमान थियफिल नावाच्या एका वाचकाला उद्देशून लिहिलेलं आहे. त्याला जे शिकवलं गेलं त्याची त्याला खात्री पटावी, म्हणून आपण सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन लिहीत आहोत, असं लूक आरंभीच सांगतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर या लेखनाचा नियमच सापडतो. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं, तर ते सांगायला तयार असा. मात्र सौम्यपणे आणि आदरानं सांगा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आधी विचारणारा माणूस हवा आणि उत्तर त्याला समजेल असं हवं.

आपल्या मराठीत या लेखनाची सुरुवात अशाच मागणीतून झाली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टी भागात त्यांनी दीर्घकाळ काम केलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती. त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला आम्हांला काय आहे, असं ते विचारत. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी ओवी हाती घेतली आणि 'क्रिस्तपुराण' रचलं. १६१६ साली ते रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलेलं आहे. ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द त्यांनी घेतला आणि त्यात नवा अर्थ भरला.

पंडिता रमाबाईंनी नेमका उलटा मार्ग धरला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्यांचं निधन झालं आणि पूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. प्रचलित भाषांतरातले संस्कृतप्रचुर शब्द त्यांना नको होते. हिंदू धर्मविचाराच्या छटा असलेले शब्दही त्यांनी शक्यतो टाळले. साध्यासुध्या, कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं, ही त्यांची कसोटी होती.

एकानं जुना शब्द जवळ केला, दुसरीनं तो दूर ठेवला. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं, कारण दोघांच्याही डोळ्यांपुढे विशिष्ट वाचक होता. मी लिहायला बसते तेव्हा हाच प्रश्न रोज समोर येतो. 'तारण', 'कृपा', 'पश्चात्ताप' हे शब्द आमच्या उपासनेत इतके रुळलेले आहेत की ते कानावरून नुसते घरंगळून जातात. शेजारच्या हिंदू मैत्रिणीला मात्र 'तारण' म्हटलं की बँकेतलं कर्ज आठवतं! म्हणून असा शब्द आला की मी थांबते आणि त्याच्या जागी काय घडलं ते लिहिता येईल का, हे पाहते. 'कृपा' म्हणण्याऐवजी, हक्क नसताना कोणी आपल्यासाठी काय केलं, ते सांगितलं की अर्थ आपोआप पोचतो. प्रभू येशूचे दाखले असेच आहेत. पेरणारा शेतकरी, हरवलेलं मेंढरू, पिठात कालवलेलं खमीर.

याबाबतीत लक्ष्मीबाई टिळकांसारखा गुरू नाही. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची घडीच विस्कटली. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या त्या वेळचा संताप, सोवळंओवळं, हाल, सारं काही सांगतात, तेही हसतखेळत. ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ कसा, हे पटवत बसत नाहीत. त्यांचं मन कसं पालटत गेलं ते आपल्याला दिसतं आणि म्हणूनच ते पुस्तक सर्व धर्मांच्या मराठी माणसांनी आपलं मानलं.

आता सर्वांत कठीण भाग सांगते. आमच्या वाचकांत नुकतंच मूल गमावलेली आई असते, नोकरी गेलेला तरुण असतो. अशा माणसाला 'देवाची इच्छा' हे दोन शब्द लिहून मोकळं होणं फार सोपं असतं. पण त्या शब्दांनी जखम आणखी चिघळू शकते. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. तोवर ते खरे मित्र असतात. पुढे ते त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागतात आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. स्तोत्रसंहितेतही विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा येत नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं आहे. याचा अर्थ, तक्रारसुद्धा देवापुढे मांडता येते.

म्हणून काही पथ्यं मी पाळते. एका वेळी एकच उतारा, एकच विचार. कोणी विश्वासानं सांगितलेलं दुःख, नाव बदलूनसुद्धा, विचारल्याशिवाय लिहायचं नाही. दुसऱ्याच्या धर्माला कमी लेखून आपला मोठा करायचा नाही. ज्याचं उत्तर मला ठाऊक नाही, तिथे ठाऊक असल्याचा आव आणायचा नाही. आणि छापायला देण्यापूर्वी पान एकदा मोठ्यानं वाचायचं. नुकतंच प्रेत पोचवून आलेल्या माणसासमोर जे वाक्य मला उच्चारता येणार नाही, त्यावर मी काट मारते. कधी कधी निम्मं पान जातं. जे उरतं, तेच छापायला जातं.