दुखरी दाढ अंगावर काढू नका!

बोंडात अळी शिरली तरी वरून बोंड चांगलं दिसतं, आत सरकी पोखरलेली असते. दाढेचंही तसंच. लवंग दाबून, तंबाखूचा बार भरून ठणका थांबला म्हणजे कीड थांबली असे समजू नका. कित्येकदा आतली नस मेल्यामुळे दुखणे थांबते आणि पू मुळाशी उतरतो.

दवाखान्यात काय करतात? आधी हिरडीत भुलीचे इंजेक्शन. सुई टोचते तेवढेच. दाढ काढताना दाब जाणवतो. कळ आलीच तर लगेच सांगा, डॉक्टर भूल वाढवतात. दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनॉल करतात. आतली सडकी नस काढून पोकळी भरतात. एक ते तीन खेपा लागतात. वर कॅप बसवायला सांगितली तर टाळू नका, नाहीतर दाढ चिरते.

बीपी, साखर किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दाढ काढल्यावर बोळा अर्धा तास दाबून धरा. २४ तास थुंकणे, चूळ भरणे, गरम चहा नको. विडी-तंबाखू तर जखम भरेपर्यंत नकोच. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेवरची खपली. ती निघाली तर दोन-तीन दिवसांनी भयंकर ठणका लागतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा.

दाढ काढली की नजर जाते, हे खोटं आहे. नजरेची नस वेगळी. गाल सुजला, ताप आला, गिळता येईना, तर सुगी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.