ए-बी-सी-डीच्या पुढची पंचवीस वर्षं

जून २००० मध्ये राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे पुणे जिल्ह्यातलेच. जून २०२५ मध्ये त्याला पंचवीस वर्षं झाली आणि ती आली-गेली तशी कुणाच्या लक्षातही आली नाहीत, कारण नेमक्या त्याच दिवसांत महाराष्ट्र हिंदीवरून तापला होता. पहिलीपासून हिंदी आणणारा १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनची दुरुस्ती, २९ जूनला दोन्ही मागे आणि मग डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, हे मला पूर्णपणे पटतं. खंत वेगळीच आहे. एवढ्या गदारोळात, जी दुसरी भाषा आपण पाव शतक पहिलीपासून शिकवतो आहोत तिचं काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या अवघ्या २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. २०१६ मध्ये हाच आकडा २४.७ होता. सहा वर्षांत काटा जागचा हललाच नाही. पुणे जिल्ह्यातले बारामती आणि इंदापूर हे तर त्यातल्या त्यात सुस्थितीतले तालुके. नीरेचं पाणी आहे, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथले कारखाने आहेत, बारामतीत १९७२ पासून विद्या प्रतिष्ठान आहे. पण इथेही रोज सकाळी वाडी-वस्तीवरून पिवळी बस मुलं उचलून नेते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट आणखी एकाने घटतो. त्या बसमागचं सगळ्यात मोठं कारण इंग्रजी हेच आहे.

माझं म्हणणं एकच आहे. या पंचवीस वर्षांत आपण मुलांना अक्षरं शिकवली आणि शब्द पाठ करून घेतले, पण या दोहोंच्या मध्ये जो शब्दाचा तुकडा असतो, ज्याला शिक्षक सिलॅबल म्हणतात, तो कायमचा गाळला. मराठी मुलाला इंग्रजी वाचनात सगळ्यात आधी जमलं असतं ते नेमकं हेच. ‘असर’ची चाचणीसुद्धा मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सोपे शब्द आणि सोपी वाक्यं अशा चार टप्प्यांची आहे. अक्षर आणि शब्द यांच्यामध्ये तिथेही काही नाही. जे शिकवलंच जात नाही ते मोजणार तरी कोण?

२०००च्या आधीच्या काळावर रेंगाळण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षं इंग्रजी आठवीपासून होतं, पुढे महाराष्ट्रात ते पाचवीपासून झालं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, स्पेलिंगं घोकणं आणि चुकलं की हातावर छडी, एवढ्यात तो काळ संपतो. त्यात एक गोष्ट मात्र मुलांच्या बाजूची होती. पाचवीत येणारं मूल मराठी सफाईने वाचत असे आणि त्या वाचनाची कुमक इंग्रजीला मिळत असे. पहिलीपासूनच्या इंग्रजीने ही कुमक काढून घेतली. बालभारतीच्या ‘माय इंग्लिश बुक’ मालिकेच्या पहिल्या पुस्तकाने त्यावर शहाणा उपाय योजला होता. आधी गाणी, कृती, सूचना, संवाद. कान तयार होऊ द्या, वाचनाची घाई नको. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसचा ‘वी लर्न इंग्लिश’ हा ऐकून शिकण्याचा कार्यक्रमही त्याच विचाराचा. पण पालकाला वही भरलेली हवी होती आणि तपासायला येणाऱ्या साहेबांना फळ्यावर काहीतरी लिहिलेलं. गाणी मागे पडली, ‘ए फॉर ॲपल’ पुढे आलं, आणि पहिलं दशक त्यातच सरलं.

खरं बोलायला हवं ते २०१०च्या दशकाबद्दल. मराठी शाळांनी इतकी धडपड आधीही केली नव्हती, नंतरही केली नाही. शिक्षण हक्क कायदा लागू झाला, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने ज्ञानरचनावादी वर्ग उभे करून दाखवले, राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले आणि परतल्यावर आपल्या वर्गाच्या फरश्या त्यांनी रंगवून काढल्या. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. बोलक्या भिंती, शब्दपट्ट्या, खडे, काड्या, लोकवर्गणीतून आलेले प्रोजेक्टर, आयएसओच्या पाट्या, सेमी इंग्रजीचे वर्ग. या उत्साहाची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. त्या दशकातल्या बाई आणि गुरुजींनी पदरचे पैसे घातले, शाळा सुटल्यावर पताका कापत बसले. त्यांच्यावर अन्याय झाला तो वरून. किती मुलं ‘प्रगत’ झाली याचा आकडा शाळेनेच भरायचा आणि त्याच आकड्यावर शाळेची शाबासकी ठरायची, ही पद्धत प्रामाणिक माणसालाही खोटं लिहायला लावते. वर्गात जे खरोखर चाललं होतं त्याची कुणी नोंद घेतली नाही, त्यामुळे त्यातलं मोलाचं काय आणि टाकाऊ काय हे कधी निवडलंच गेलं नाही.

त्या न निवडलेल्या गोष्टींत होती इंग्रजी बाराखडी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा तो रंगीत तक्ता: के-ए का, के-आय कि, के-यू कु. प्रशिक्षणात त्याला कधी स्थान नव्हतं, तज्ज्ञांच्या लेखी तो अशास्त्रीय होता, पण वर्गात तो सर्रास वापरला जायचा, कारण त्याने मूल दोन-तीन आठवड्यांत काहीतरी वाचू लागायचं. काय वाचायचं? आपलं नाव, आईचं नाव, गावाची पाटी. बारामती म्हणजे बी-ए, आर-ए, एम-ए, टी-आय: चार तुकडे, प्रत्येक तुकड्यात एक व्यंजन आणि एक स्वर. बाराखडी येणाऱ्या मुलाला ही पाटी पहिल्या दिवशी वाचता येते. इंदापूर थोडं अवघड. आय-एन, डी-ए, पी-यू-आर: पहिला आणि शेवटचा तुकडा व्यंजनाने बंद झालेला. लासुर्ण्यात बंद तुकडा मधोमध येतो. आणि सुपे तर इंग्रजी शिकवणाऱ्याला सापडलेलं सोनं. एस-यू, पी-ई या पाटीवर शेवटचा ई उच्चारायचा, पण अशाच घडणीच्या इंग्रजी शब्दात तो मुका राहून आधीच्या स्वराला ताणतो. हा फरक एकदा दाखवला की मुलाला इंग्रजीचा एक मोठा नियम घरच्या पाटीवरून कळतो. पाट्यांवरून शब्दांकडे जाणंही सोपं होतं. ऊस वाहणारा ट्रॅक्टर इथे दारासमोरून जातो. त्याचं स्पेलिंग मुलं सात अक्षरांची माळ म्हणून घोकतात. वाचायला मात्र दोनच तुकडे आहेत: टी-आर-ए-सी आणि टी-ओ-आर. दुसरा तुकडा डॉक्टरमध्ये पुन्हा भेटतो, मोटरमध्ये भेटतो. अठरा सुट्या अक्षरांऐवजी चार तुकडे हाती आले की मूल न शिकवलेला शब्दही धीराने हाताळतं.

हे नुसतं गुरुजींचं देशी डोकं नव्हतं. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १७८३ मध्ये काढलेलं स्पेलिंगचं पुस्तक असंच बी-ए, बी-ई, बी-आय अशा तक्त्यांनी सुरू होई आणि शब्द एका तुकड्याचे, दोन तुकड्यांचे, तीन तुकड्यांचे अशा चढत्या क्रमाने देई. कित्येक पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या. इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये लहान मुलांना शब्द ऐकवून त्यातले भाग टेबलावर टकटक करून मोजायला लावले. चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना सिलॅबल मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही नाही. सहाव्या वर्षी सिलॅबल नव्वद टक्के मुलांना जमले, ध्वनी सत्तर टक्क्यांना. तुकडा कानाला आधी सापडतो, सुटा ध्वनी नंतर, तोही बहुधा लिपी शिकता शिकता. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्या मुलांची ही गोष्ट. मराठी मूल तर पहिलीपासून ज्या लिपीत वावरतं तिची सगळी मांडणीच तुकड्यांची आहे.

यावर पहिला आक्षेप फोनिक्सवाल्यांचा. इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालाने सुट्या ध्वनींपासून सुरुवात करून ते जोडत शब्द वाचण्याची पद्धत उचलून धरली, मग आपण मागे का जायचं? फोनिक्सला माझा विरोध नाही. अक्षराच्या नावापेक्षा त्याचा ध्वनी महत्त्वाचा, हे त्याने आपल्याला शिकवलं. पण तिथलं मूल क्, अॅ, ट् जोडतं तेव्हा ‘कॅट’ हा शब्द त्याच्या कानात पाच वर्षं मुक्कामाला असतो. जोडणी थोडी चुकली तरी कान ती दुरुस्त करतो. निमगाव केतकीच्या मुलाच्या कानात तो शब्द नाही. शिवाय आपल्याकडे सुटा ‘ब्’ म्हणायला सांगितला की तोंडातून ‘ब’ येतो आणि जोडून होतं ‘ब-अॅ-ट’. ‘बॅ’ हा अख्खा तुकडा आणि मग ‘ट’ म्हटलं तर हा घोळ होतच नाही. याच कारणाने ती आयात केलेली ‘कॅट, बॅट, मॅट’ची कुटुंबं मला खटकतात. त्यात शब्द पहिल्या व्यंजनानंतर तोडतात, क् आणि अॅट. देवनागरीत स्वर मागच्या व्यंजनाला चिकटतो, त्यामुळे आपलं मूल स्वाभाविकपणे कॅ आणि ट असं तोडतं. कोरियन मुलांचा कलही असाच आढळला आहे. म्हणजे मूल जिथे शब्द तोडतं तिथे आपण त्याला तोडू देत नाही, आणि मग त्याला वाचता येत नाही म्हणून त्याचं नाव कच्च्या मुलांच्या यादीत टाकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इंग्रजी स्वर बेभरवशाचे. बी-ए बारामतीत ‘बा’, बॅटमध्ये ‘बॅ’, बेबीमध्ये ‘बे’, बॉलमध्ये ‘बॉ’. मग बाराखडी चालणार कशी? मराठी तक्ता जसाच्या तसा नक्कीच चालणार नाही, आणि त्या दशकात घोडं इथेच अडलं. पण स्वर ठरतो कशावरून, हे पाहा. तुकडा व्यंजनाने बंद झाला तर आखूड: बॅट. उघडा राहिला तर लांब: बे-बी. पुढे आर आला तर बार, दोन एल आले तर बॉल, शेवटी मुका ई आला तर बेक. एकटं अक्षर पाहून स्वर कळत नाही, पण तुकडा कुठे संपतो हे पाहिलं की बहुतेक वेळा कळतो. अपवाद आहेत, ‘वॉज’ आणि ‘सेड’ सरळ पाठच करावे लागतील. म्हणून सगळंच पाठ करायला लावणं मात्र अन्याय आहे. गुरुजींच्या तक्त्यात बंद तुकड्यांचं दुसरं पान घालायला हवं होतं. त्याऐवजी सगळा तक्ताच भिंतीवरून उतरला.

आणखी एक पुरावा माझ्या विरुद्ध जातो, तोही सांगायला हवा. लीला ग्लाइटमन आणि पॉल रोझिन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी मुलांना सिलॅबलच्या चिन्हांतून वाचन शिकवून पाहिलं. मुलं चटकन शिकली, पण कच्ची मुलं पुढे तुकडा फोडून सुट्या ध्वनींकडे जाताना अडली. आपल्याकडेही तसंच होईल का? मला नाही वाटत, आणि कारण बाराखडीतच आहे. क, कि, कु, के म्हणताना व्यंजन तेच राहतं आणि स्वर बदलतो, हे मराठी मूल काना-मात्रेतून डोळ्यांनी पाहतं. तुकड्याच्या आत दोन वस्तू आहेत हे त्याला सांगावं लागत नाही. अट एवढीच की त्याची मराठी बाराखडी पक्की हवी. नीरेपलीकडे फलटणला मॅक्सिन बर्नसन यांची प्रगत शिक्षण संस्था उभी आहे. वाचन आपोआप येत नाही, लिपी पद्धतशीर शिकवावी लागते, हा आग्रह बारामतीपासून इतक्या जवळ वर्षानुवर्षं धरला गेला. आपण कुमठ्याला गाड्या भरून गेलो. फलटण मात्र तासाभराच्या अंतरावर असून दूरच राहिलं.

करोनाने शाळा बंद पाडल्या आणि ते दशक संपलं. तक्ते, पट्ट्या, रंगवलेल्या फरश्या तशाच राहिल्या, पण त्या वापरणारी माणसं बदल्या आणि निवृत्तीत पांगली. आता ‘निपुण भारत’ अभियानाची उद्दिष्टं आहेत, लिंक भरायच्या आहेत, वीसच्या आतल्या पटाच्या शाळांवर समूह शाळांत विलीन होण्याची टांगती तलवार आहे, आणि मराठीच्या पहिलीच्या पुस्तकातच इंग्रजी शब्द शेजारी छापून आपण द्विभाषिक झाल्याचं समाधान मानतो आहोत. चित्राखाली छापलेला शब्द मूल चित्र बघून ‘वाचतं’; चित्र झाकलं की शब्दही जातो. दोनशिक्षकी शाळेत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांची मुलं मध्येच वर्गात येऊन बसतात, गळीत संपलं की जातात. अशा मुलाला हाती असलेल्या चार-पाच महिन्यांत पुन्हा एकदा सव्वीस अक्षरांची नावं आणि सफरचंदाचं चित्र दिलं, तर ते गावी परतताना एकही इंग्रजी शब्द स्वतःच्या बळावर वाचू शकत नाही. त्याच्या हाती उघड्या तुकड्यांचा एक कागद आणि बंद तुकड्यांचा दुसरा दिला, रोज वीस मिनिटं दिली, आधी गावांच्या पाट्या आणि मग ट्रॅक्टर, डॉक्टर, मोटर असे ओळखीचे शब्द घेतले, तर तेवढ्या महिन्यांत त्याला ते जमतं. त्यासाठी नवं ॲप लागत नाही, नवा निधी लागत नाही. बालभारतीने पुढचं पुस्तक करताना दुसरीच्या शब्दांच्या याद्या विषयवार, म्हणजे फळं, प्राणी, रंग अशा न देता तुकड्यांच्या क्रमाने द्याव्यात, आणि तोवर केंद्रप्रमुखांनी भिंतीवर इंग्रजी बाराखडी दिसली म्हणून बाईंना बोल लावू नये.