गुलदारचा नवा मुक्काम

आयएनएस गुलदार ही पोलंडमध्ये बांधलेली युद्धनौका. रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवण्याचे तिचे काम 2024 साली संपले. आता सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ तिला मुद्दाम बुडवून स्कुबासाठी खुली करायची राज्याची योजना आहे. त्याआधी तेल, वंगण काढून तिची सफाई नीट व्हायलाच हवी. त्यात घाई नको.

पुढे पोलादावर शैवाल, शिंपले, स्पंज धरतात. मागोमाग मासे येतात.

सटाण्याहून स्कुबासाठी कोकणात उतरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. 20 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट नव्हे, तिप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून वर आले, तर तीच हवा तिप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून वर येताना श्वास सतत चालू आणि वेग संथ हवा.

लाल रंग पाण्यात सर्वांत आधी हरवतो. विजेरी लावली की काळपट स्पंजही लालभडक दिसतो.