‘सेटल’ झालात का?

शुक्रवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. माजिवडा नाक्यावर रिक्षा अडकलेली. एकीकडे घोडबंदर रोड, दुसरीकडे नाशिक हायवे, मागे मुंबई, डोक्यावर फ्लायओव्हर. आणि नेमका मावशीचा फोन. ‘‘पोचलीस का गं?’’ हा पहिला प्रश्न. दुसरा तुम्हालाही पाठ असेल. ‘‘मग? आता सेटल व्हायला नको का?’’

सेटल! आपल्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा इंग्रजी शब्द बहुतेक हाच. माझं वय एकतीस. बरी नोकरी आहे, माजिवड्यात टू बीएचके आहे (म्हणजे आहे बँकेचा, आम्ही त्यात राहतो), आई-बाबा सोबत आहेत. तरी मी सेटल नाही. कारण लग्न नाही. शेजारच्या विंगमधल्या मैत्रिणीचं लग्न झालंय, तर तिला मूल नाही. तिच्या जावेला मूल आहे, पण करिअर ‘जरा मागे पडलंय’. थोडक्यात काय, कुणीच सेटल नाही!

हे काय गौडबंगाल आहे म्हणून शोधायला गेले आणि एरिक एरिक्सन सापडला. घरात कुणी बी.एड. केलेली काकू असेल तर तिला विचारा, त्याच्या आठ अवस्था तिने परीक्षेसाठी घोकलेल्या असतील. माणसाचं मन फक्त लहानपणी घडतं असं नाही, तर ते मरेपर्यंत घडत राहतं, आणि प्रत्येक वयात एक नवा पेच समोर येतो, असं त्याने १९५० साली ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या पुस्तकात मांडलं.

या माणसाची स्वतःची गोष्ट तर सिनेमाला शोभेल अशी. १९०२ मध्ये जर्मनीत जन्म. जन्मदाता बाप कोण, हे आयुष्यभर कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव लावून मोठा झाला, आणि १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना नवंच आडनाव लावलं: एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. स्वतःच स्वतःचा बाप! कॉलेजची डिग्री नाही, तरी पुढे हार्वर्डला प्रोफेसर. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हे शब्द त्याने जगाला दिले, यात मग नवल ते काय?

पहिल्या चार अवस्था बारावीच्या आतल्या आहेत, त्या इथे भराभर उरकते. तान्ह्या बाळाला जगावर विश्वास बसतो की नाही, रांगणाऱ्याला स्वतःचं स्वतः करू देतात की नाही, बालवाडीत पुढाकार घेता येतो का, शाळेत ‘मला जमतं’ असं वाटतं का. गंमत म्हणजे यात पास-नापास नाही. थोडा अविश्वासही लागतोच, असं एरिक्सनचं म्हणणं. माजिवडा नाका पायी ओलांडून बघा, लगेच पटेल.

आपला मामला सुरू होतो पाचवीपासून. किशोरवयात ‘मी कोण?’ हा प्रश्न. तो बऱ्यापैकी सुटला की मग विशी-तिशीत जवळीक, म्हणजे दुसऱ्यासोबत आयुष्य वाटून घेणं. ते जमलं नाही तर एकटेपणा. हा क्रम महत्त्वाचा आहे, बरं का. ज्याला स्वतःचाच पत्ता माहीत नाही, तो दुसऱ्याला घरी कसा बोलावणार?

आता आपल्याकडचा क्रम बघा. दहावीला नव्वद टक्के, म्हणून सायन्स. सायन्स, म्हणून इंजिनीअरिंग. इंजिनीअरिंग, म्हणून आयटी. मग फ्लॅट, मग लग्न. यात ‘मी कोण?’ विचारायला सुट्टी कधी मिळाली? तो प्रश्न रद्द होत नाही, नुसता पुढे ढकलला जातो. आणि एखाद्या सोमवारी बत्तिसाव्या वर्षी, ईएमआयची पंधरा वर्षं बाकी असताना, लिफ्टच्या आरशात समोर उभा राहतो. माझा एक मित्र या वयात तबला शिकायला लागला. बायकोला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. मला वाटतं, तो फक्त जुनी बाकी भरत होता.

अर्थात एरिक्सनचा शब्द म्हणजे वेद नव्हे. हार्वर्डमध्ये त्याच्यासोबत काम केलेल्या कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये सरळ सांगितलं की हा क्रम पुरुषांचा आहे. बायकांच्या बाबतीत ओळख आणि नातं हातात हात घालून येतात. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० साली अठरा ते पंचवीस हा एक वेगळाच टप्पा मांडला: पोरवय संपलंय, पण मोठेपण पुरतं आलेलं नाही. आई-बाबांसोबत राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा हा टप्पा पंचविशीत संपतो का, हे ज्याने त्याने ठरवावं!

आणि आपले चार आश्रम? ते एरिक्सनच्या कितीतरी आधीचे. तो स्वतः १९६२ मध्ये मानवी जीवनचक्रावरच्या एका सेमिनारसाठी अहमदाबादला आला होता. तिथे त्याला गांधीजींच्या १९१८ च्या गिरणी संपाने झपाटलं, आणि त्यातून आलेल्या पुस्तकाला पुढे पुलित्झर मिळालं. अहमदाबादलाच त्याच्या प्रभावाखाली आलेले सुधीर कक्कर पुढे भारताचे नामवंत मनोविश्लेषक झाले. आयुष्याची शेवटची वर्षं ते गोव्यात राहिले, २०२४ मध्ये गेले. १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’मध्ये त्यांनी आश्रम आणि एरिक्सनच्या अवस्था शेजारी-शेजारी मांडून दाखवल्या. पण कुठल्या आश्रमात टू बीएचकेमध्ये दोन पिढ्यांनी एकच बाथरूम सकाळी साडेसातला कसं वापरायचं, हे सांगितलेलं नाही.

हे सगळं मी स्वतःसाठी वाचत होते. अडकले मात्र बाबांपाशी.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मशिनिस्ट. १९६२ मध्ये एमआयडीसीने सुरुवात केली ती याच वसाहतीपासून. त्यांची कंपनी बंद पडली, व्हीआरएसचे पैसे आले, त्यातलेच काही या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला गेले. आता ते बाल्कनीत बसून मेट्रोचे खांब बघतात. गेल्या महिन्यात सोसायटीचा पंप बिघडला. मी ऑफिसमधून आले तर बाबा बेसमेंटमध्ये, हात ग्रीसने माखलेले, बनियनवर. सेक्रेटरी बाजूला उभे. मला इतकी लाज वाटली की तिथेच म्हटलं, ‘‘बाबा, प्लंबर बोलावता येतो ना? आता आराम करा ना तुम्ही!’’ ते काही बोलले नाहीत. वर आले, हात धुतले, दोन दिवस गप्प.

एरिक्सनची सातवी अवस्था म्हणजे पुढच्यांसाठी काही घडवणं, नाहीतर साचून जाणं. आठवी म्हणजे मागे वळून बघताना कृतार्थ वाटणं, नाहीतर सगळं वाया गेलं असं वाटणं. यात ‘आराम’ हा शब्द कुठेच नाही. मावशीचा तो फोन, आईचं ‘नातवंड कधी?’, हे सगळं मी आजवर माझ्यावरचं प्रेशर समजत होते. ते त्यांच्या पेपरातले प्रश्न आहेत, हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणून मी लगेच लग्न करणार आहे असं नाही हं! पण चिडायचं जरा कमी झालंय.

रविवारी मी बाबांना सॉरी म्हटलं. आमच्याकडे सॉरी चहा करून म्हणतात. सिक्युरिटीच्या केबिनमधला एक मुलगा आयटीआयला जातो, त्याला ते पंपाचं काम दाखवतील का, असं सहज विचारलं. ‘‘बघू,’’ म्हणाले. सोमवारी संध्याकाळी दोघं बेसमेंटमध्ये होते.

परवा लिफ्टसाठी थांबलो होतो. मी विचारलं, ‘‘बाबा, तुम्ही कधी सेटल झालात हो?’’

त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘कंपनीत पर्मनंट झालो, त्या दिवशी वाटलं होतं,’’ म्हणाले. ‘‘मग तू झालीस.’’

लिफ्ट आली. त्यांनी बेसमेंटचं बटण दाबलं.