तुपाखालचे लवणस्तंभ

मुंबईत काळाचौकीहून लालबागमार्गे परळला, केईएम रुग्णालयाच्या रस्त्याला लागलं की हाफकिन संस्थेचं आवार येतं. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. प्लेगच्या जंतूंच्या ज्या वाढीवर त्यांची प्लेगची लस उभी राहिली, तिला जीवाणुशास्त्रात 'स्टॅलॅक्टाइट ग्रोथ' म्हणतात. शाळेच्या भूगोलात स्टॅलॅक्टाइट म्हणजे अधोमुखी लवणस्तंभ, गुहेच्या छताला लोंबणारे सुळके. ते नाव जंतूंकडे कसं आलं?

मुळात ग्रीक 'स्टालाक्टोस', म्हणजे ठिबकणारा. त्यावरून सतराव्या शतकात ओले वर्म या डॅनिश वैद्याने लॅटिनमध्ये 'स्टॅलॅक्टायटीस' हा शब्द वापरला. हाच वर्म १६५४ साली कोपनहेगनमध्ये रुग्णांवर उपचार करताना प्लेगने गेला. त्याचा शब्द पुढे प्लेगच्याच जंतूंना चिकटेल, हे त्याला कुठून कळावं!

मुंबईत प्लेग आला १८९६ साली. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम सुरू केलं. लसीसाठी जंतू भरपूर हवे होते. त्यांनी बाटलीत मांसाचा रस्सा घेतला आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. तूप तरंगतं. जंतूंनी थेंबाच्या खालच्या बाजूला मूळ धरलं, आणि तिथून पांढरट तंतू रश्श्यात उतरू लागले. बाटली मात्र अगदी निश्चल हवी. जरा धक्का लागला की तंतू तुटून तळाशी जातात. हाफकिन मुद्दाम अधूनमधून बाटली हलवत. जुनं पीक खाली बसे, तुपाखाली नवं धरे. असं काही आठवडे चालायचं.

दिसायला गुहेतलाच देखावा, म्हणून नाव शोभतं. घडण मात्र अगदी वेगळी. गुहेत पाणी ठिबकतं आणि त्यातला चुना थरावर थर मागे राहतो. दगड स्वतः काहीच करत नाही. इथे ठिबकत काहीच नाही. एका जंतूचे दोन, दोनाचे चार होतात, एकमेकांना चिकटून राहतात आणि साखळी खाली लांबत जाते. तरी हे नाव टिकलं, कारण ते कामाचं होतं: रश्श्यात असे तंतू लोंबले की प्लेगच्या जंतूची ओळख पटायला मदत होई.

पीक पुरेसं झालं की ते तासभर ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तापवून जंतू मारत आणि कार्बोलिक आम्ल घालत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली.